‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ आणि कॅम्पसचं वीजबिल

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी जाहीर झाली, तेव्हा बातम्यांचा रोख नेहमीसारखाच आयआयटी मद्रासच्या पहिल्या क्रमांकावर होता. त्या गडबडीत एक नवा गट बहुतेकांच्या नजरेतून सुटला: शाश्वत विकास उद्दिष्टे. (तिथेही पहिली आयआयटी मद्रासच.) म्हणजे शिक्षणसंस्था वीज, पाणी, कचरा, सामाजिक न्याय या बाबतीत कशा वागतात, याचे क्रमांक आता आपल्याकडेही लागायला लागले.

ज्यांच्या घरातलं कुणी अमेरिकेत शिकायला जाणार आहे त्यांना हा प्रकार आधीच भेटला असेल. ॲरिझोना स्टेटसारख्या, आपल्या मुलांच्या यादीत हमखास असणाऱ्या विद्यापीठाच्या माहितीत शुल्क, वसतिगृह, नोकरीच्या संधी यांच्याबरोबर ‘स्टार्स प्लॅटिनम’ असंही लिहिलेलं असतं. (स्टार्स ही शिक्षणसंस्थांची शाश्वतता मोजणारी पद्धत.) कुठे ‘गोल्ड’, कुठे ‘सिल्व्हर’. हे पदक कोण देतं, कशासाठी देतं, आणि त्यावरून त्या कॅम्पसबद्दल नेमकं काय कळतं? माझं मत आधीच सांगून टाकतो: पदकावरून फार थोडं कळतं. पदकाच्या मागे जो हिशेब सगळ्यांना वाचायला ठेवलेला असतो, त्यावरून मात्र बरंच कळतं. आणि तो हिशेब सहसा कुणी उघडत नाही.

## क्रमवारी वेगळी, श्रेणी वेगळी

क्रमवारीत एक वर गेला की दुसरा खाली येतोच. श्रेणीचं तसं नसतं. तिथे ठरावीक गुणांची रेषा असते आणि ती ओलांडणारा प्रत्येक जण त्या श्रेणीत बसतो. सगळी विद्यापीठं गोल्ड झाली तरी नियमाला बाधा येत नाही. स्टार्स ही श्रेणीची पद्धत आहे. २.२ या आवृत्तीत २५ टक्के गुणांना ब्रॉन्झ, ४५ ला सिल्व्हर, ६५ ला गोल्ड आणि ८५ ला प्लॅटिनम. श्रेणी तीन वर्षं टिकते. ज्यांना गुण जाहीर करायचे नाहीत, फक्त माहिती द्यायची आहे, ते ‘रिपोर्टर’ म्हणून नोंद करू शकतात.

यातली शाश्वतता म्हणजे नुसती झाडं आणि सौरपॅनल नव्हेत. कर्मचाऱ्यांना मिळणारं वेतन, गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी मदत, विद्यापीठाचा पैसा कुठे गुंतवलेला आहे, वर्गात काय शिकवलं जातं, हे सगळं त्यात येतं. त्यामुळे ‘हिरवं पदक’ म्हणून त्याकडे पाहिलं की अर्धा गोंधळ तिथेच सुरू होतो.

## हा खटाटोप सुरू कुणी केला?

१९९० मध्ये फ्रान्समधल्या तालुआर या गावी जगभरातल्या काही विद्यापीठांचे प्रमुख जमले आणि पर्यावरणाची जबाबदारी आपलीही आहे, अशा अर्थाच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सह्या केल्या. सह्यांनंतर पुढे काय झालं हे मोजायची सोय मात्र नव्हती.

मोजणी आली ती बाहेरून. २००७ पासून अमेरिकेतली सस्टेनेबल एन्डाउमेंट्स इन्स्टिट्यूट ही संस्था महाविद्यालयांना ए, बी, सी अशा श्रेणी देऊ लागली. नियतकालिकांच्या ‘हिरव्या कॉलेजां’च्या याद्या येऊ लागल्या. प्रत्येकाची प्रश्नावली वेगळी आणि कॅम्पसवर ती भरणारा माणूस मात्र एकच. तो कंटाळला यात नवल नाही. शिवाय बाहेरचा माणूस कशाला किती गुण देतो, हे कळायला मार्ग नव्हता.

अमेरिकेतल्या उच्चशिक्षण संघटनांच्या एका गटाने २००६ मध्येच सर्वांना लागू पडेल अशी एकच मोजपट्टी मागितली होती. ‘आशी’ या महाविद्यालयांच्याच सदस्य-संघटनेने ती तयार करायला घेतली, २००८ मध्ये काही संस्थांवर चाचणी झाली आणि जानेवारी २०१० मध्ये स्टार्सची पहिली आवृत्ती आली. मार्च २०१५ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठ पहिलं प्लॅटिनम ठरलं. पुढे अमेरिका-कॅनडाबाहेरच्या संस्थाही आल्या. आयर्लंडमधलं युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क २०१८ मध्ये गोल्ड झालं, उत्तर अमेरिकेबाहेरचं पहिलं.

प्रश्नपत्रिका काढणारी संघटना परीक्षार्थींचीच आहे, हे इथे लक्षात ठेवलेलं बरं. त्याचा परिणाम एका ठिकाणी स्वच्छ दिसतो. ए, बी, सी श्रेणी देणाऱ्या बाहेरच्या त्या संस्थेच्या नऊ विषयांपैकी तीन विषय पैशाचे होते: गुंतवणुकीची माहिती उघड आहे का, पैसा कुठे घालता, भागधारक म्हणून कंपन्यांना जाब विचारता का. महाविद्यालयांच्या स्वतःच्या स्टार्समध्ये सुमारे २०० गुणांपैकी गुंतवणुकीच्या वाट्याला दहापेक्षाही कमी आले. कोळसा आणि तेल कंपन्यांत पैसा ठेवूनही गोल्ड मिळू शकतं ते यामुळे.

## गुण कशाला मिळतात?

स्टार्सचे चार मोठे विभाग आहेत: शिक्षण-संशोधन, लोकसहभाग, कॅम्पसचा रोजचा कारभार आणि नियोजन-प्रशासन. वर थोडे गुण नव्या कल्पनांसाठी.

२.२ आवृत्तीत अभ्यासक्रमाला ४० गुण आहेत. संशोधनाला १८. आणि कॅम्पसमधून होणारं कार्बन उत्सर्जन प्रत्यक्षात किती कमी आहे किंवा किती कमी झालं, याला ८. उत्सर्जनाची मोजणी व्यवस्थित केली तर आणखी ३. इमारतींची ऊर्जा-कार्यक्षमता आणि स्वच्छ वीज मिळून १०, कचऱ्याला १०.

हे आकडे पहिल्यांदा पाहिले की माणूस चक्रावतो. पण संघटनेची बाजू अगदीच लंगडी नाही. विद्यापीठाचं मुख्य काम माणसं घडवणं आहे. तिथून बाहेर पडणारा अभियंता पुढे तीस वर्षं काय बांधेल याचा परिणाम वसतिगृहातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी मोठा. मला हा युक्तिवाद पटतो, पण अर्धाच. कारण अभ्यासक्रमाचे गुण ज्या पद्धतीने मोजतात, त्यात एखाद्या विषयाला ‘शाश्वततेशी संबंधित’ म्हणायचं की नाही हे ती संस्थाच ठरवते. व्याख्या दिलेली आहे, पण सैल आहे. विजेचं मीटर तसं सैल नसतं.

तेव्हा गोल्ड पाहून ‘या कॅम्पसमधून धूर कमी निघतो’ असा अर्थ काढू नये. कदाचित तिथे या विषयावरचे अभ्यासक्रम भरपूर असतील आणि बॉयलर जुनाट असेल.

## धुराचा हिशेब: स्कोप १, २, ३

कार्बनची मोजणी सगळीकडे साधारण एकाच नियमाने होते. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल नावाची ती नियमावली २००१ मध्ये आली. त्यात उत्सर्जनाचे तीन भाग केले आहेत आणि ते समजायला आपलं घर पुरेसं आहे. स्वयंपाकघरात गॅस पेटवला किंवा स्वतःच्या स्कूटरमध्ये पेट्रोल जाळलं, तर धूर आपल्या हद्दीत, आपल्या हाताने झाला: तो स्कोप १. पंखा लावला तर घरात धूर होत नाही, पण चंद्रपूरच्या वीजकेंद्रात आपल्या वाट्याचा कोळसा जळतो: तो स्कोप २. आणि बाकी सगळं, म्हणजे बाहेरून मागवलेलं जेवण घेऊन येणाऱ्याच्या गाडीचं पेट्रोल, घेतलेला सोफा तयार होताना झालेला धूर, ओल्या कचऱ्यातून डेपोवर निघणारा वायू, मुलगी कॉलेजला जाते त्या बसचं डिझेल: स्कोप ३. पहिल्याचा हिशेब सिलिंडरच्या पावतीवर असतो, दुसऱ्याचा वीजबिलावर. तिसऱ्याचा कुठेच एका जागी नसतो, आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात मोठा असतो.

विद्यापीठातही असंच. हिवाळ्यात इमारती तापवणारे बॉयलर आणि विद्यापीठाच्या गाड्या पहिल्यात, बाहेरून घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि प्राध्यापकांचे विमानप्रवास, विद्यार्थ्यांची रोजची ये-जा, खरेदी, बांधकामाचं सिमेंट-पोलाद तिसऱ्यात.

उत्सर्जन प्रत्यक्ष घटल्याबद्दल स्टार्स २.२ जे ८ गुण देतं ते पहिल्या दोन भागांवर. तिसऱ्याची यादी केलीत, मोजणी केलीत, तर मोजणीचे गुण मिळतात; तो वाढला म्हणून या ८ गुणांतून काही जात नाही. मुंबईहून शिकायला गेलेला विद्यार्थी दरवर्षी दिवाळीला विमानाने घरी येतो, त्याचा धूर मोजायचं बंधन तर नाहीच. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर ज्यांचा गाडा चालतो, अशा विद्यापीठांना ही सूट सोयीची आहे, एवढं म्हणून पुढे जातो.

भाग वेगळे असल्यामुळे एक गंमतही होते. इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये जमिनीखालच्या स्थिर तापमानाचा उपयोग करून इमारती तापवण्या-थंडावण्याची योजना सुरू केली. त्यासाठी सुमारे ३,६०० बोअर घेतले आणि कोळशावरचे जुने बॉयलर बंद केले. काम उत्तमच. पण जमिनीतली उष्णता वर आणणारे हीटपंप विजेवर चालतात आणि इंडियानाच्या विजेत कोळशाचा वाटा मोठा. म्हणजे एकूण उत्सर्जन घटलं तरी स्कोप १ मधला काही भाग स्कोप २ मध्ये सरकला. नुसता एक आकडा पाहिला तर हे दिसत नाही.

## ‘कार्बन न्यूट्रल’ होतात म्हणजे नेमकं काय करतात?

व्हरमॉंट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजने डिसेंबर २०१६ मध्ये आपण कार्बन न्यूट्रल झाल्याचं, म्हणजे वजाबाकीनंतर आपलं उत्सर्जन शून्य झाल्याचं, जाहीर केलं. त्यामागे खरं काम होतं. २००९ मध्ये त्यांनी लाकडाच्या चिपांवर चालणारं संयंत्र उभारलं आणि तेल जाळणं मोठ्या प्रमाणात कमी केलं. तरीही शून्य येत नव्हतं. मग ब्रेड लोफ भागातली २,१०० एकरांहून अधिक कॉलेजची जमीन कायमस्वरूपी राखून ठेवायचं ठरलं, आणि तिथलं जंगल जो कार्बन शोषतं तो उरलेल्या धुरातून वजा केला.

इथे दोन प्रश्न उभे राहतात. लाकूड जाळल्यावर धुरांड्यातून कार्बन निघतोच; झाड वाढताना तो शोषला गेला होता आणि नवं झाड पुन्हा शोषेल, या गृहीतकावर नियमावली त्याची नोंद तिन्ही स्कोपच्या बाहेर, वेगळी ठेवायला सांगते. दुसरं, ते जंगल आधीपासून उभं होतंच. ते कॉलेजने तोडलं असतं का? नसतं, तर वजाबाकी कशाची? कॉलेजचं म्हणणं असं की जमीन विकण्याचा किंवा तोडण्याचा मार्ग आपण कायमचा बंद केला, त्याला मोल आहे. मला वाटतं दोन्ही बाजू हिशेबात लिहिलेल्या असल्या की वाचणारा आपलं मत बनवू शकतो. फलकावर नुसतं ‘न्यूट्रल’ छापलं की तो मार्ग बंद होतो.

वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये हेच साधलं, वेगळ्या वाटेने. शहरात जागा नाही, म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ आणि तिथल्या रुग्णालयाला बरोबर घेऊन तिने २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ५२ मेगावॅटच्या सौरप्रकल्पातून वीज घ्यायचा करार केला. उरलेल्या विजेसाठी प्रमाणपत्रं घेतली. एक मेगावॅट-तास स्वच्छ वीज तयार झाली की तिच्या नावे एक प्रमाणपत्र निघतं आणि ते विजेपासून वेगळं करून विकता येतं. ज्याच्या हाती प्रमाणपत्र, त्यालाच ‘स्वच्छ वीज वापरली’ म्हणायचा हक्क. विमानप्रवासासारख्या टाळता न येणाऱ्या गोष्टींसाठी तिने ऑफसेट घेतले, म्हणजे दुसऱ्या कुणी कुठे तरी कमी केलेल्या किंवा शोषलेल्या कार्बनचं श्रेय पैसे देऊन आपल्या खात्यात घेतलं.

यातला सौरकरार मला सगळ्यात भक्कम वाटतो. विद्यापीठांनी सही केली म्हणून प्रकल्प उभा राहिला. कित्येक वर्षांपूर्वी बांधलेल्या एखाद्या पवनचक्कीचं स्वस्त प्रमाणपत्र विकत घेतल्याने जगात नवं काही उभं राहत नाही. श्रेणीच्या तक्त्यात मात्र दोन्हींमधला फरक पुसट होतो. (आपल्याकडे छतावर कंपनीकडून सौरपॅनल बसवून घेणाऱ्या संस्थांनीही हे प्रमाणपत्र नेमकं कुणाकडे जातं ते करारात वाचून घ्यावं.)

## कशाच्या तुलनेत कमी?

‘उत्सर्जन ४० टक्क्यांनी घटवलं’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न: कोणत्या वर्षाच्या तुलनेत? स्टार्समध्ये आधारवर्ष काही मर्यादेत संस्था स्वतः निवडते. ज्या वर्षी थंडी कडाक्याची होती किंवा जुना बॉयलर अखेरचे आचके देत होता, ते वर्ष धरलं तर पुढची घट मोठी दिसणारच.

याचा फटका कुणाला बसतो? जे आधीपासून काटकसरीने चालत होते त्यांना. एखादं छोटं कॉलेज, वसतिगृह नाही, वातानुकूलन नाही, मुलं बसने येतात. त्याने कमी करायचं ते काय? म्हणून स्टार्सने गुण दोन भागांत दिले: काही स्वतःच्या जुन्या आकड्याच्या तुलनेत घट झाल्याबद्दल, काही आजचा दरडोई आकडाच कमी असल्याबद्दल. दरडोई काढतानाही वसतिगृहात चोवीस तास राहणारा विद्यार्थी आणि दोन तास तासिकेला येऊन जाणारा यांना सारखं धरत नाहीत.

हवामानाचाही विचार आहे. कॉर्नेल विद्यापीठ जिथे आहे त्या इथाकात हिवाळा गोठवणारा, तर ॲरिझोना स्टेटच्या टेम्पीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. दोघांच्या चौरस मीटरमागच्या ऊर्जावापराची सरळ तुलना अन्यायाची, म्हणून वर्षभरात किती दिवस आणि किती अंशांनी इमारत तापवावी किंवा थंड करावी लागली यावरून आकडा सुधारून घेतात. पाण्याचं तर आणखी बरं: जिथे टंचाई जास्त तिथे पाणी वाचवण्याला गुण जास्त. मराठवाड्यातल्या माणसाला हा नियम समजावून सांगायची गरज नाही.

## स्वतःच स्वतःला मार्क देण्यासारखं नाही का हे?

आहे. माहिती संस्था स्वतः भरते, वरिष्ठ अधिकारी ती खरी असल्याचं पत्र देतो, ‘आशी’चे कर्मचारी कागदावर ती तपासतात. कॅम्पसवर कुणी येत नाही. मीटर कुणी पाहत नाही.

पण प्रत्यक्ष भेट म्हणजे हमी, असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी मिळावी म्हणून लाच दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या (आपल्याकडच्या उच्चशिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था) तपासणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. समिती कॅम्पसवरच होती.

स्टार्सचा खरा आधार तिसराच आहे. भरलेली प्रत्येक ओळ इंटरनेटवर कुणालाही वाचता येते आणि चुकीची वाटली तर शंका नोंदवता येते. याची ताकद किती असते ते दुसऱ्या एका क्रमवारीत दिसलं. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाने यू. एस. न्यूजच्या क्रमवारीसाठी दिलेले आकडे तपासले. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के, असा विद्यापीठाचा दावा होता. थॅडियस यांनी विद्यापीठाच्याच जाहीर वर्गसूचीवरून मोजलं, तर उत्तर ६२.७ ते ६६.९ टक्क्यांच्या दरम्यान आलं. दुसऱ्या क्रमांकावरचं कोलंबिया त्या वर्षी अठराव्या क्रमांकावर घसरलं आणि काही आकडे चुकल्याचं त्याला मान्य करावं लागलं. कुठलीही समिती आली नव्हती. एका माणसाने उघड माहिती वाचली होती.

## म्हणजे श्रीमंतांचाच खेळ?

बऱ्याच अंशी. अहवाल भरायला महिनोन्महिने लागतात आणि वीस-पंचवीस खात्यांतून माहिती गोळा करावी लागते. पदक हवं तर वर्गणी भरावी लागते. ज्यांच्याकडे शाश्वततेचं स्वतंत्र कार्यालय आहे ते सहज पुढे जातात. याला समाधानकारक उत्तर माझ्या पाहण्यात नाही. जे घटक संस्थेला लागूच होत नाहीत, ते एकूण गुणांतूनच वगळतात, एवढाच दिलासा.

## एकच विद्यापीठ एका यादीत वर, दुसरीत खाली का?

कारण प्रत्येक यादी वेगळं काही मोजते. टाइम्स हायर एज्युकेशनची ‘इम्पॅक्ट’ क्रमवारी २०१९ पासून निघते आणि संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांवर आधारलेली आहे. त्यात १७ वं उद्दिष्ट (उद्दिष्टांसाठी भागीदारी) सर्वांना सक्तीचं, त्याला २२ टक्के वजन. बाकीच्यांपैकी संस्थेचे सर्वांत चांगले गुण असलेली तीन उद्दिष्टं घेतात, प्रत्येकी २६ टक्के. म्हणजे एकीचा क्रमांक आरोग्य, लिंगसमानता आणि शिक्षणावर, दुसरीचा पाणी, ऊर्जा आणि सागरी जीवनावर ठरू शकतो, आणि दोघी एकाच यादीत एकीखाली एक.

इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेली ग्रीनमेट्रिक क्रमवारी मोकळी जागा आणि झाडीखालचं क्षेत्र मोजते. गावाबाहेर शंभर एकरांवर पसरलेल्या कॅम्पसला त्यात आयता फायदा. मुंबईत चर्चगेटजवळ एका इमारतीत भरणाऱ्या आणि जिथली निम्मी मुलं लोकलने येतात अशा कॉलेजला तो कुठून मिळणार? वास्तविक दरडोई धूर कुणाचा कमी असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

## आणि आपल्याकडचा ‘क्रायटेरिया सेव्हन’

महाराष्ट्रातल्या कोणत्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हे दोन शब्द उच्चारा, उसासे ऐकू येतील. नॅकच्या २०१७ च्या आराखड्यात १,००० गुणांपैकी १०० गुण या सातव्या निकषाला होते: संस्थेची मूल्यं आणि उत्तम उपक्रम. त्यातल्या पहिल्या ५० गुणांच्या भागात पर्यावरण बसवलेलं, पण एकटं नाही. लिंगसमानता, दिव्यांगांसाठी सोयी, आचारसंहिता, राष्ट्रीय दिन साजरे करणं हेही त्याच ५० मध्ये.

प्रश्न कसे विचारलेत ते पाहण्यासारखं आहे. पर्यायी ऊर्जेखाली यादी दिली आहे: सौरऊर्जा, बायोगॅस, ग्रिडला वीज देणं, सेन्सरवर चालणारी यंत्रणा, एलईडी दिवे. चार किंवा अधिक असतील तर पूर्ण गुण, तीन असतील तर थोडे कमी, असं उतरत जातं. पाण्यासाठी तसंच: पावसाचं पाणी साठवणं, विहीर-बोअर पुनर्भरण, टाक्या-बंधारे, सांडपाण्याचा पुनर्वापर. पुरावा म्हणून जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो जोडायचे.

या प्रश्नांत किती युनिट वीज लागली हे कुठे येत नाही. किती लिटर पाणी, किती किलो कचरा, तेही नाही. सोय आहे का, एवढाच सवाल. सौरपॅनल एक किलोवॅटचं आहे की शंभरचं, त्यावर धूळ बसली आहे की ते चालतं, याने उत्तर बदलत नाही. मग भेटीच्या आधी कुंड्या येतात, ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ असा फ्लेक्स लागतो (फ्लेक्सही प्लास्टिकचाच) आणि ठरावीक साच्यातला ग्रीन ऑडिट अहवाल बांधून येतो. शिक्षकांना मी दोष देणार नाही. जे विचारलं त्याचंच उत्तर ते देतात.

इथे स्टार्स, त्याच्या सगळ्या त्रुटींसह, उजवं ठरतं. अभ्यासक्रमाचे गुण सैल आहेत, गुंतवणुकीचे कमी आहेत, हे वर लिहिलंच. पण ऊर्जेच्या ओळीत किलोवॅट-तास लिहावे लागतात, चौरस मीटर लिहावे लागतात, आणि तीन वर्षांनी पुन्हा लिहावे लागतात. जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेण्या काढून ‘मान्यताप्राप्त किंवा नाही’ अशा दोनच शक्यतांची पद्धत आणत असल्याचं जाहीर केलं. ती राबवताना हा एक बदल जरी उचलला, तरी जिओटॅग फोटोंच्या ढिगाऱ्यापेक्षा जास्त हाती लागेल.

## अहवाल उघडला तर काय पाहायचं?

विद्यापीठाचं नाव शोधून स्टार्सचा अहवाल उघडला की आधी तारीख पाहावी. तीन वर्षं उलटून गेलेलं पदकही काही संस्था मिरवत राहतात. मग थेट हवा-हवामान आणि ऊर्जेच्या ओळींवर जावं, एकूण गुणांकडे नंतर. उत्सर्जनाचे दोन आकडे मिळतील: ऑफसेट वजा करण्याआधीचा आणि नंतरचा. कॅम्पसची खरी अवस्था पहिल्यात. आधारवर्ष कोणतं धरलंय आणि ते का, हेही तिथेच लिहिलेलं असतं. काही घटकांसमोर ‘प्रयत्न नाही’ अशी नोंद दिसेल. या नोंदी मला नेहमी बोलक्या वाटतात. बाकी सगळीकडे भरभरून गुण घेणाऱ्या संस्थेने गुंतवणुकीची ओळ कोरी सोडली असेल, तर ते विसरल्यामुळे झालेलं नसतं.

आणि हे फक्त परदेशी कॅम्पससाठी नाही. स्टार्सची तांत्रिक पुस्तिका फुकट उतरवून घेता येते. कुठल्याही श्रेणीसाठी अर्ज न करता तिच्यातली मोजणीची पद्धत वापरता येते. नगर किंवा सांगलीच्या कॉलेजातल्या एखाद्या एनएसएस गटाला वर्षभराची बारा वीजबिलं, इमारतींचं चौरस फुटांतलं क्षेत्रफळ आणि पटसंख्या एवढं मिळालं, तर दर विद्यार्थ्यामागे आणि दर चौरस फुटामागे किती युनिट लागतात ते एका दुपारी काढता येईल. जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या मिळाल्या तर स्कोप १ ची सुरुवातही होते. बिलं लेखा विभागात फाइल केलेली असतात. मागायला प्राचार्यांची सही लागेल.